लसीच्या खोलीबाहेरचा बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे, मित्रांनो, आणि दुसऱ्यांना बसवता बसवता मला स्वतःला मात्र कधी स्वस्थ बसवलं नाही. सुताराने उरल्यासुरल्या फळ्यांतून मला ठोकलं, तेव्हाच एक पाय आखूड राहिला. कोणी नुसता खोकला तरी मी डुगडुगतो. दवाखान्यात नवा होतो तेव्हा म्हातारी माणसं म्हणायची, बाक असावा तर असा. पुढे लोखंडी खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी लसीच्या खोलीबाहेर झाली.

तिथे मुली एचपीव्ही विषाणूवरची, गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस घ्यायला येत. सोबतचे भाऊ माझ्यावर. त्यातला एक लंबू, पंधरा वर्षांचा, धाकट्या बहिणीचं दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. सिस्टर त्याच्या आईला म्हणाल्या, हा विषाणू मुलग्यांनाही सोडत नाही, यालाही देऊन टाका. आई हसली. मुलींना दिली की मुलं आपोआप वाचतात, असं तिने ऐकलं होतं.

"बहुतेक जणींनी घेतली तर वाचतात," सिस्टर म्हणाल्या. "इथे दहातल्या तिघी येतात."

आईला बस गाठायची होती. मी जिवाच्या आकांताने डुगडुगलो. लंबूने माझ्या पायाखाली कागदाची घडी सरकवली.

दहा वर्षांनी तो परत आला. लग्न ठरलं होतं, आणि नको त्या जागी चामखिळी उठल्या होत्या. त्या याच विषाणूच्या, औषधाने जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं. झालेला संसर्ग लस घालवत नाही, पण विषाणूचे जे प्रकार अजून शिरले नाहीत ते रोखते, असंही म्हणाले. त्याचं लक्ष कुठे होतं! होणारी बायको हे ऐकून लग्न मोडेल, या धास्तीने तो सारखा उठत होता, बसत होता.

शेवटी त्याने तिला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तिनेही लस घेतली नव्हती. ती त्याच्या शेजारी माझ्यावर बसली.

"बहिणीला दिली तेव्हा तू कुठे होतास?"

"इथेच. बाहेर बसलो होतो."

ती उठली. संपलं, असं मला वाटलं. पण ती लसीच्या खोलीच्या दारात जाऊन सिस्टरना म्हणाली, "आम्ही दोघं आहोत."

मित्रांनो, जोडायला मला हात नाहीत, तरी विनवतो. बहिणीसोबत आलात तर माझ्यावर बसू नका. तिच्या मागोमाग आत जा.