दुसऱ्या वेळची घंटा

आमच्या बँडमध्ये गाणारं कुणी नाही. धाकटा भाऊ म्हणतो, गाणारा आला की बाकीचे त्याच्यामागची भिंत होतात. खरं कारण असं की आमच्यात एकालाही गळा नाही. भाऊ सॅक्सोफोन वाजवतो, ट्रम्पेटवाला लग्नाच्या वरातीतून आलेला, गिटारवाल्याला जॅझचं वेड. या सगळ्या गोंधळाखाली ताल मात्र पश्चिम आफ्रिकेतला. तो ड्रमवाले काका धरतात आणि मी. माझ्याकडे दोन तोंडांची लोखंडी घंटा आणि एक काठी.

घंटेचं काम एवढंच, की एकच ठेका अठरा मिनिटं वाजवायचा. नटवायचा नाही, थांबायचं नाही. बाकीचे कुठेही भटकोत, परत येतात ते माझा आवाज धरून. एकवीस वर्षं हेच केलं. दिवसा लाँड्रीत इस्त्री, संध्याकाळी घंटा. दुसरं काही मला वाजवता येत नाही आणि खरं सांगू, दुसरं काही मला नकोच होतं.

मागच्या महिन्यात रेकॉर्डिंग झालं. परवा भाऊ लाँड्रीत आला आणि शर्टांच्या गठ्ठ्याशी चाळा करत म्हणाला, "ताई, तिसऱ्या मिनिटातली तुझी चार आवर्तनं घेतली. पुढे तीच चिकटवली."

"का?"

"नंतर तू मागे पडतेस. मनगट दुखतं ना तुझं? हल्ली इस्त्री डाव्या हाताने करतेस."

मेल्याचं सगळीकडे लक्ष.

"कार्यक्रमातही तेच मशीनवर लावू म्हणतोय. वाजलेलं तुझंच आहे ना!"

माझं डोकंच फिरलं. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून वाजवू दे. एकदा मशीन, एकदा मी. मी ओळखू आले नाही तर घंटा सोडेन."

बंद पडलेल्या टायरच्या दुकानात आमचा सराव चालतो. तिथे सगळे भिंतीकडे वळले. पहिल्यांदा मशीन, हे फक्त भावाला आणि मला माहीत होतं. अठरा मिनिटं मी हातावर हात ठेवून स्वतःलाच ऐकलं. छान वाजवत होते मी.

मग माझी पाळी. दहाव्या मिनिटाला बोटांत मुंग्या आल्या, पण काठी सोडली नाही. एकही ठोका चुकल्यासारखा मला वाटला नाही. मनात म्हटलं, जिंकले.

काका सर्वांत आधी वळले. त्यांचे डोळे भरले होते.

"पहिली आमची पोरगी! एकवीस वर्षं हिच्या घंटेवर हात टाकतोय, मला फसवता होय? तिचा ठोका पडला की माझा हात आपोआप चालतो."

"आणि दुसरी?" ट्रम्पेटवाल्याने विचारलं.

"मशीन, दुसरं काय! निम्म्यात ढेपाळली. जीवच नाही तिच्यात. फेकून द्या ते खटारं, आपली ताई बसलीय ना इथे!"

सगळे हसले. ट्रम्पेटवाल्याने टाळ्या वाजवल्या. भावाने बोलायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. काकांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

"बरोबर ओळखलंत, काका," मी म्हटलं. "द्या फेकून."