आधी चालणारे

मी एक जुना लोखंडी दांडा आहे. जरा वाकडाही आहे, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. हातकणंगल्याच्या बाजूला, उसाच्या फडांमध्ये, मोटारसायकलींच्या शर्यतींचं एक मैदान होतं. त्याच्या फाटकावर मी कित्येक वर्षं आडवा राहिलो आणि भल्याभल्यांना थांबवलं.

मित्रांनो, माझा जन्म शिरोली एमआयडीसीतला, नव्वदच्या दशकातला. तिथल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या नागसेननं एका जाड पाइपाच्या टोकाला ओतीव वजन बसवलं, त्यावर लाल-पांढरे पट्टे ओढले आणि मला मैदानावर आणून उभं केलं. शर्यतीच्या शनिवार-रविवारी फाटकावर तोच असायचा. आत येणाऱ्या प्रत्येकाला तो बजावायचा की गाडी सावकाश घ्या, तोंड रस्त्याकडं करून लावा, पोराला टाकीवर बसवू नका, अँब्युलन्सची वाट अडवू नका. लोक तोंडं वाकडी करायचे, पण ऐकायचे.

खरी कसोटी रविवारी संध्याकाळी लागायची. शर्यत बघून पोरांच्या अंगात वारं शिरलेलं असायचं. ज्याला त्याला आपलीच गाडी शर्यतीची वाटायची. बाहेरचा रस्ता मात्र अरुंद, दोन्हीकडं ऊस, आणि निम्मे प्रेक्षक चालत आलेले. म्हणून नागसेननं एक रीत घातली होती. आधी चालणारे माझ्या कडेनं बाहेर पडायचे. ते पुढच्या डांबरी रस्त्याला लागले की मग गाड्या. तोवर मी खाली. हॉर्न ऐकून कान किटायचे, पण खरं सांगतो, मला त्यात मजा वाटायची.

एका वर्षी मैदानाचे कारभारी बाळासो यांचा भाचा दत्तप्रसाद जीप घेऊन सगळ्यांच्या पुढं आला. शेंगा विकणारी शेवंताबाई पाटी डोक्यावर घेऊन नुकतीच बाहेर पडली होती. तिच्यापुढं बायका होत्या, लेकरं होती. दत्तप्रसादनं आधी हॉर्न दिला, मग शिव्या दिल्या, आणि शेवटी जीप माझ्यावर घातली. मी कमरेत वाकलो. वर मात्र गेलो नाही, कारण नागसेननं माझं टोक छातीशी धरलं होतं. बाळासो धावत आले. भाच्याला बोलायचं सोडून त्यांनी नागसेनलाच दम भरला, की दांडा उचल, नाहीतर पुढच्या वर्षी इथं दिसायचं नाही.

नागसेन शांतपणे म्हणाला, "पुढल्या वर्षी नका बोलवू. आज मातूर दांडा माझ्या हातात हाय."

शेवंताबाई डांबरी रस्त्याला लागली, तेव्हाच त्यानं मला सोडलं.

पुढच्या वर्षी त्याला खरंच बोलावलं नाही. नवा माणूस आला. पहिला हॉर्न वाजला आणि त्यानं मला उचललं. मी आभाळाकडं तोंड करून उभा राहिलो आणि खालून गाड्या सुसाट सुटल्या. वळणावर एका मोटारसायकलनं शेवंताबाईला उडवलं. तिचा पाय मोडला. लोखंडालाही राग येतो, मित्रांनो. मला त्या दिवशी फार आला.

त्याच्या पुढच्या शर्यतीला ती काठी टेकत आली. रविवारी संध्याकाळी हॉर्न सुरू झाले आणि फाटकावरचा माणूस मला उचलायला वाकला. शेवंताबाईनं काठी बाजूला टाकली आणि दोन्ही हात माझ्यावर ठेवले. मग तिच्या शेजारच्या बाईनं ठेवले, मग कुणी म्हाताऱ्यानं. बघता बघता चालणाऱ्यांचे हात माझ्यावर टोकापर्यंत लागले. तिकीट काढून शर्यत बघायला आलेला नागसेनही त्यांत येऊन उभा राहिला. बाळासो ओरडत होते, पण त्या हातांपुढं त्यांचं काही चालेना.

शेवंताबाई पुढंच उभ्या असलेल्या दत्तप्रसादच्या जीपकडं बघत म्हणाली, "आधी आमी. मग तुमी."

मित्रांनो, शर्यत जरूर बघा, मनसोक्त टाळ्या वाजवा. पण फाटकाबाहेर पडलात की शर्यत संपली. चालणाऱ्याला पुढं जाऊ द्या, गाडी हळू चालवा, आणि कुणी घाईनं दांडा उचलू लागला, तर त्या दांड्यावर हात ठेवा. मी आता गंजलोय. पण माणसं वाटेवर असताना मला उचलायचं असेल, तर आधी तेवढे हात बाजूला करून दाखवा.