टोपातले पीठ

मी एक जुना टोप आहे, मित्रांनो. डोक्यावर चढवायचा, घोड्याच्या केसांचा, दोन्ही कानांवर कुरळ्या वळ्या असलेला. बॉस्टनच्या एका न्हाव्याने मातीच्या नळ्यांवर गुंडाळून, उकळून, भट्टीत भाजून मला घडवले. तेव्हापासून मला उष्णतेची धास्ती आहे.

माझे मालक एलकाना थेयर हे वकील. देवीच्या आजारात त्यांचे केस गेले होते. रोज सकाळी त्यांच्या पत्नी मेहिटेबलबाई माझ्यावर बारीक पीठ भुरभुरवत आणि मी पांढराशुभ्र होई. लोक थट्टेने म्हणत, "आधी टोप येतो, मग थेयरसाहेब!" मला मात्र फार अभिमान वाटे. पुढे गावाने त्यांना प्रांताच्या विधानसभेवर निवडून दिले. इंग्लंडच्या राजाने लादलेल्या करांविरुद्ध ते कडाडून बोलत, तेव्हा त्यांच्या डोक्याला फुटलेला घाम फक्त मला कळे. माणूस मुळात भित्रा होता, मित्रांनो, तरी बोलायला उभा राहायचा.

मग त्या राजाशीच लढाई सुरू झाली. गहू मिळेनासा झाला. गिरणीवाला जबेझ लोरिंग राजाच्या शिपायांना चोरून पीठ विकतो, अशी आवई उठली. प्रार्थनाघरात त्याची चौकशी ठरली, पण बाहेर चौकात डांबर आधीच तापत ठेवले होते. फितुराच्या अंगावर कढत डांबर ओतायचे आणि वर पिसे चिकटवायची, ही आमच्याकडची रीत. जबेझची बाजू मांडायला कोणी पुढे येईना. शेवटी थेयरसाहेब तयार झाले, आणि निवडणूक तर तोंडावर आली होती.

त्या सकाळी मेहिटेबलबाईंनी पिठाचा डबा पाठीमागे लपवला. "अहो, आज तरी नको. लोकांच्या घरात खायला नाही."

"पांढऱ्या टोपाशिवाय मी कधी पंचांपुढे गेलोय का? तो नसला तर तोंडच उघडणार नाही माझं. आण इकडे."

प्रार्थनाघर खच्चून भरले होते. साहेबांनी विचारले, "जबेझला शिपायांना पीठ देताना कुणी डोळ्यांनी पाहिलंय?" एकही हात वर झाला नाही. पंच एकमेकांकडे पाहू लागले. सुटला बिचारा, असे मला वाटले. तेवढ्यात साहेबांचे डोके थरथरले आणि माझ्यातले पीठ त्यांच्या काळ्या कोटावर सांडले.

"बघा, बघा!" सज्ज्यातून टेम्परन्सबाई ओरडली. तिच्या घरात पाच तोंडे खाणारी होती. "माझी पोरं मक्याची पेज पितात, नि ह्या वकिलाच्या टकलावर गव्हाचं पीठ! जबेझनंच दिलं असणार. लाच आहे ती!"

"दोघांनाही डांबर लावा!" लोक बाकांवरून उठले. दार उघडले आणि डांबराचा वास आत आला. जबेझने डोळे मिटून घेतले. माझा केस न् केस ताठ झाला.

साहेबांनी मला डोक्यावरून काढले. त्यांचे वणांनी भरलेले टक्कल गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"पीठ जबेझच्याच गिरणीचं आहे, टेम्परन्सबाई," ते म्हणाले. "माझ्या बायकोनं रांगेत उभं राहून वाट्याचं मूठभर आणलं. तुमच्याच मागे उभी होती ती. खायचं पीठ मी डोक्याला फासलं, हा गुन्हा माझा आहे, त्याचा नाही. डांबर ओतायचंच असेल तर हे डोकं मोकळं आहे. त्याला घरी जाऊ द्या."

लोकांनी माना वळवून टेम्परन्सबाईकडे पाहिले.

"होती खरी माझ्या मागे," टेम्परन्सबाई पुटपुटली. मग खाली बसत म्हणाली, "ते टक्कल झाका आधी, वकीलसाहेब. बघवत नाही."

कोणीतरी हसले. पंचांनी जबेझला सोडले.

निवडणूक साहेब हरले. मला त्यांनी पुन्हा कधी घातले नाही. मेहिटेबलबाई मला झटकायला निघाल्या, तर म्हणाले, "राहू दे ते पीठ. मला विसर पडायला नको."

आता दोघेही नाहीत. मी माळ्यावरच्या पेटीत पडून आहे. जुन्या टोपांनी हल्ली जोडे पुसतात, असे ऐकतो, आणि जिन्यावर पाऊल वाजले की धसका बसतो. पण त्याहून मोठी भीती उंदरांची आहे. माझ्या वळ्यांत त्या दिवसाचे चिमूटभर पीठ अजून आहे आणि त्याच्या वासाने ते येतात. मित्रांनो, मला डोक्यावर घेऊ नका, लख्ख तर मुळीच करू नका. फक्त पेटीची कडी तेवढी नीट लावा. कुरतडण्याचा आवाज आज फार जवळून येतो आहे.