करमाडच्या टॉवरनं लावलेलं लग्न

मी एक जुना मोबाइल टॉवर आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. न का बसेना! अख्ख्या करमाडात माझ्याएवढं उंच कोणी नाही, त्यामुळं माझं म्हणणं खोडायला कोणी वर येत नाही.

मित्रांनो, मी नवा होतो तेव्हा लोक "पोचलो", "जेवलो", "ठेवतो" एवढंच बोलायचे. एकदा तर वैजापूरच्या कांद्याचा भाव मी इतक्या जोरात पुढं ढकलला, की दुबईतल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं! मग व्हिडिओ आले आणि माझी कसोटी सुरू झाली. माझी वाट आहे तेवढीच रुंद. गर्दी झाली की आधी बोलणाऱ्यांना सोडायचं; व्हिडिओवाल्यांनी जरा दम धरायचा.

शेजारच्या अफजलमियाँच्या कहकशाचं लग्न होतं. (ती सध्या माहेरी आलीय, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालतेय. जरा हळूच सांगतो.) मांडवाच्या मधोमध पडदा. अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. पलीकडचं दिसावं म्हणून सगळ्यांनी एकमेकांना व्हिडिओ लावलेले. मध्ये फक्त एक कापड, पण प्रत्येक चित्र माझ्या डोक्यावर चढून पलीकडं उतरत होतं! नवरदेवाच्या तोंडाचे चौकोनी ठोकळे झाले.

आणि काझीसाहेबांचा पत्ता नाही! त्यांना पुढं जालन्यात दुसरा निकाह लावायचा होता. उशीर झाला तर ते थेट तिकडंच जाणार. नान वाळत चाललेले, मटणाच्या कलियावरचा तवंग गोठायला लागलेला.

"इम्रान, लागला का रे फोन?" पडद्याआडून नवरीच्या आईनं, वहिदाआपांनी, विचारलं.

"लागंना अम्मी! समदे व्हिडिओ लावून बसलेत."

"मग बंद करायला सांग त्यास्नी!"

"आधी तुझा बंद कर की!"

तेव्हा मी कंबर कसली. एकेका व्हिडिओला कान धरून मागं बसवलं. शेंद्र्याच्या टॉवरला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, ओरडून सांगितलं, "काझीसाहेबांची गाडी तुझ्या हद्दीत आहे, अलगद माझ्या हातात दे!" मग मान वाकवून इम्रानचा फोन मी स्वतः त्यांच्या कानाशी नेला. चहा गार व्हायच्या आत काझीसाहेब मांडवात हजर!

म्हणून म्हणतो मित्रांनो, गर्दीत दुसऱ्याच्या गरजेच्या फोनला वाट द्या. आणि माझ्या म्हाताऱ्या बॅटऱ्या तेवढ्या वेळेवर बदला...

"ओ टॉवरचाचा!" गच्चीवरून कहकशा कडाडली. "किती फेकता! त्या दिवशी लाईट गेली, तुमची बॅटरी उतरली अन् तुम्ही ठार बंद पडला होता. समद्यांचे फोन मुके झाले, तवा कुठं लोकांनी माना वर केल्या. काझीसाहेब तर कवाचे कलियाच्या मोठ्या देगेपाशी उभे राहून इम्रानलाच फोन लावत होते! तुम्ही बंद पडला म्हणून माझा निकाह झाला. व्हय की नाय?"