निम्मं प्रथिन

नातीच्या डोळ्यांत बाहुलीभोवतीचं रंगीत कडंच नव्हतं. आजोबांनी पहिल्यांदा पाळण्यात वाकून पाहिलं तेव्हाच ते ओळखलं, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पुस्तकांची बांधणी करण्यात त्यांचा जन्म गेला, पण काळा चष्मा त्यांनी कधी उतरवला नव्हता. 'उजेड सोसत नाही' एवढ्यावर त्यांनी बायकोचीही बोळवण केली होती.

सून मात्र आतल्या आत झुरत होती. दुसऱ्या महिन्यात डोकेदुखीवर घेतलेल्या दोन गोळ्या तिच्या मनातून जाईनात. "माझ्यामुळेच झालं," असं ती रोज म्हणायची. नवरा समजूत काढायचा. आजोबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

तीन महिन्यांनी तपासणीचा अहवाल आला. तिघंही बाळाला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"जनुकात लिहिलेलं आपोआप वाचलं जात नाही," त्या म्हणाल्या. "काही प्रथिनं नेमक्या जागी जाऊन बसतात, तेव्हा कुठे पेशी तो मजकूर वाचायला लागते. डोळा घडताना असंच एक प्रथिन लागतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात. हिची एक बिघडली आहे. त्यामुळे प्रथिन निम्मंच झालं, आणि डोळ्याचं निम्म्यावर भागत नाही."

"आणि माझ्या गोळ्या?"

"त्यांचा काडीचाही संबंध नाही. हे बऱ्याचदा घरातूनच येतं. तुमच्यात कुणाला आहे का?"

आजोबांनी चष्मा उतरवला. ट्यूबलाइटच्या उजेडाने डोळ्यांना धार लागली, तरी त्यांनी ते मिटले नाहीत.

"माझ्याकडून आलंय. मुलाच्याही बाहुल्या लहानपणापासून जराशा वेड्यावाकड्या आहेत. मीच कधी दाखवायला नेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी बॅटरीने मुलाचे डोळे पाहिले आणि बापलेक दोघांचंही रक्त तपासायला सांगितलं.

बाहेर आल्यावर सून थांबली. "तीन महिने मी रडत होते, बाबा. तुम्ही बघत होतात."

"हो," आजोबा म्हणाले. "शाळेत मला घुबड म्हणायचे. ते हिच्या वाट्याला माझ्यामुळे आलं, हे सांगायला जीभच उचलली नाही. चुकलं माझं."

पुढचे आठ दिवस ती कामापुरतंच बोलली. मुलगा म्हणाला, "तिला जरा वेळ द्या."

नवव्या दिवशी ती बाळाला मांडीवर घेऊन त्यांच्या खुर्चीशेजारी येऊन बसली.

"हिला ऊन कसं लागत असेल हो?"

आजोबांनी विचार केला. "सगळं पांढरं होतं. समोरचं माणूससुद्धा पुसलं जातं. अशा वेळी तू बोलत राहा. आवाज आला की भीती जाते."

तिने उठून पाळणा खिडकीकडून बाजूला फिरवला.

"असा चालेल?"

"अजून जरा भिंतीकडे घे."