डब्यातले पाढे

अमरसिंग सर स्वतःच्या पायांनी दारात आले, तेव्हाच विमलताईंनी ओळखलं की यांचं कुठंतरी अडलंय. काम अडल्याशिवाय हा माणूस कोणाच्या उंबऱ्याशी गेला, असं ढाणकीत कोणी शपथेवर सांगणार नाही.

"मॅडम, थोडं शाळेत येऊन जा," सर पाणी पिता पिता म्हणाले. "तो आपला जुना कॉम्प्युटर हाये ना, त्याची पिन कुठं खुपसाची तेवढं सांगा. बाकी मले सगळं ठाऊक हाये."

बाकी म्हणजे काय, हे ताईंनी विचारलं नाही. पत्रिका त्यांच्याही घरी आली होती. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम होता, आणि पत्रिकेत ठळक छापलं होतं: माजी मुख्याध्यापक व संस्थेचे विद्यमान अध्यक्ष माननीय अमरसिंगजी १९८६ साली स्वतः लिहिलेला, तालुक्यातला पहिला मराठी प्रोग्राम शिक्षणाधिकारी साहेबांसमोर चालवून दाखवतील. नव्या लॅबच्या भिंतीवर त्यांच्या नावाची पाटीही ठोकून झाली होती. वर मखमली पडदा.

स्वतः लिहिलेला! ताईंच्या मस्तकात तिडीक गेली. अहो, दोन वर्षांची लेक आईकडे टाकून तीन आठवडे नागपूरला प्रशिक्षणाला कोण गेलं होतं? पोरांना पाढे विचारणारा तो प्रोग्राम रात्रंदिवस डोकं खाजवून कोणी लिहिला? तो कॉम्प्युटर म्हणजे विलायतेत लोक घरी वापरायचे तसला, टीव्हीला जोडायचा डबा. त्याच्यासोबत आलेल्या कंपनीच्या डिस्का कधीच उंदरांनी निकालात काढल्या होत्या. पण साध्या टेपरेकॉर्डरवरूनही तो प्रोग्राम आत घ्यायचा. कॅसेटवर प्रोग्राम म्हणजे नुसता किरकिर आवाज. नागपूरच्या शिक्षकांनी बजावलं होतं, एकदा भरून थांबू नका. म्हणून ताईंनी एकाच बाजूवर दोनदा भरला होता, एकदा सुरुवातीला अन् एकदा पार शेवटाला.

मग सरांनी डबा कॅसेटसकट कपाटात घातला अन् किल्ली स्वतःच्या खिशात. दरवर्षी दसऱ्याला तो बाहेर निघायचा, हळदकुंकू लावून घ्यायचा आणि परत आत जायचा. ताई रिटायर झाल्या तरी त्याला कोणाचं बोट लागलं नाही. घरी सांगायची सोय नव्हती. "आजी, तू अन् प्रोग्राम?" असं म्हणून नात खो खो हसायची. प्रोग्राम चालू झाला की पडद्यावर पहिलं नाव ताईंचं यायचं, हे सरांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. ती एक कॅसेट वाजली, तर ताईंचं नाव ताईंना परत मिळणार होतं. त्यांनी चपला घातल्या अन् निघाल्या.

उमरखेडहून साऊंडवाला संघदीप आला होता. रेडिओ दुरुस्तीत हात मुरलेला माणूस. त्यानं दोन फुगलेले कपॅसिटर बदलले आणि बटणांच्या फटीतून चमचाभर कुंकू काढलं.

"मॅडम, हा कॉम्प्युटर हाये का देव्हारा?" तो म्हणाला.

कॅसेटवर अजून ताईंच्याच अक्षरात 'पाढे' लिहिलेलं होतं. "सर, एकदा वाजवून पाहू आधी," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांची कॅसेट हाये."

"कायले? घरची कॅसेट हाये, पळून राह्यली का कुठं? अन् संघदीप, आवाज भोंग्यावरबी जोड. लोकायले समजू दे कॉम्प्युटर कसा बोलते."

"लय कर्कश असते, सर."

"असू द्या ना, मॅडम! तुमाले प्रत्येक गोष्टीत खोट काढाची सवयच हाये."

ताईंनी कॅसेट टेपमध्ये घातली.

कार्यक्रमाला हॉल भरला. साहेब पहिल्या रांगेत. ताईंनी हुकूम टाइप केला, सरांनी फोटोवाल्याकडे तोंड करून टेपचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: सर्चिंग.

भोंगा खरखरला आणि बोलू लागला. आवाज अमरसिंग सरांचाच, पण चाळीशीतला, तरणा.

"...हा डबा सरकारनं पाठवला. पोरायचं डोकं खराब कराचं काम हाये हे! आपल्या विमल मॅडम नागपूरले जाऊन आल्या अन् डब्याले पाढे शिकवून राह्यल्या. अरे, डब्याले कायले शिकवता? मी हावो तोपर्यंत याले कोणी हात लावणार नाही!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. त्या कॅसेटमधल्या होत्या.

दाराशी उभा असलेला म्हातारा शिपाई उकंडा हात जोडून म्हणाला, "सर, तुमीच म्हटलं होतं, भाषण भरून घे. कोरी कॅसेट नोती जी!"

"बंद कर! बंद कर ते!" सर धावले.

ताईंनी टेपवर पंजा ठेवला. सुरुवातीचा प्रोग्राम गेला होता, हे त्यांना कळून चुकलं होतं. आता शेवटचा तेवढा राहिला असला तर. "मधात थांबवलं तर प्रोग्राम हातचा जाईल, सर. तुमचाच हाये ना तो?"

"राहू द्या, ऐकू या," साहेब म्हणाले. भाषण चाललं. शिस्त, संस्कार, परत शिस्त. सर घाम पुसत होते आणि पडदा जागचा हलत नव्हता.

"हे सर्चिंग काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"शोधून राह्यला, साहेब," ताई म्हणाल्या. "भाषणात काही कामाचं भेटते का ते."

हॉलमध्ये हशा फुटला. ताईंना मात्र हसू येईना. रीळ संपत आलं होतं, अन् भाषण काही सरेना. सरांनी शाळा नाही सोडली, खुर्ची नाही सोडली, तर कॅसेट काय सोडणार?

शेवटी भोंग्यात कोणीतरी म्हणालं, "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका जी." खट्. आणि त्यानंतर कानाचे पडदे फाडत ती किरकिर सुरू झाली. लोकांनी कान दाबले. ताईंनी नाही दाबले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटलं: पाढे. लेखिका, विमल.

"विमल कोण?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या मॅडम!" मागच्या रांगांमधून पन्नास-साठ गळे ओरडले. त्यांत नातही होती.

साहेब माणूस मोठा गोड. ते अमरसिंग सरांकडे वळले. "पत्रिकेत तर तुमचं नाव आहे. चालवून दाखवा ना."

सर बसले. डब्यानं विचारलं: सतरा आठे? सरांनी भोवती पाहिलं. एका बोटानं दाबलं, एकशे सव्वीस. चूक. एकशे शेहेचाळीस. चूक. एकशे बत्तीस.

पडद्यावर ओळ आली, ताईंनी १९८६ साली सातवी ब साठी लिहिलेली: तीन चुका झाल्या. वर्गाबाहेर उभे राहा.

सर तटकन उठून उभे राहिले. आणि उकंडानं, तीस वर्षांच्या नोकरीच्या सवयीनं, दार उघडून धरलं.