पाण्याआधी आरती

पंपाच्या साध्या स्टेनलेसच्या कवचाची समुद्राच्या पाण्यानं दीड वर्षात खाऊन चाळणी केली, तरी आमचे मालक पारेखसाहेब म्हणतात, "तेच घ्या पुन्हा, चकाकतं छान!" चकाकतं! कपाळ माझं! द्वारकेकडच्या किनाऱ्यावर खारं पाणी गोडं करणारा आमचा कारखाना. इथे खाऱ्या पाण्याला पुरून उरणारं सुपर डुप्लेक्स पोलादच टिकेल, तेही ओतीव नको, घणाखाली घडवलेलं हवं, हे त्यांच्या गळी उतरवताना माझा घसा बसला. आणि एवढं करून काम दिलं कुणाला? राजकोटच्या ओधवजीमामाला. माझ्या आईच्या सख्ख्या भावाला. एवढा मोठा नग पेलणारा घण त्याच्याकडे होता, म्हणून. पण भोगायचं होतं, दुसरं काय!

मामाला मी फोनवर बजावलं होतं, समोर बसून बजावलं होतं. भट्टीतून लाल नग निघाला की तडक पाण्याच्या टाकीत. हवेत रेंगाळला तर हे पोलाद आतून ठिसूळ होतं. मामा बशीतून चहा ओढत म्हणाला, "बेटा, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून लोखंड तापवतोय मी."

पहिल्या नगाच्या दिवशी मी मामाच्या कारखान्यात हजर होते. भट्टीचं दार उघडलं. क्रेनवाल्या बचुनं नग उचलला, टाकीकडे वळवला आणि मध्येच थांबला. बघते तर रळियातमामी आरतीचं ताट घेऊन उभी! नव्या कामाचा पहिला नग आरतीशिवाय पाण्यात जात नाही म्हणे.

"मामा, टाकीत टाका आधी!" मी किंचाळले.

"एक मिनिट, बेटा," मामा म्हणाला. "लाल आहे तोवर अग्निदेव, थंड झाला की नुसता माल."

मामी धगीपासून लांब उभी राहून सावकाश ओवाळत होती. सगळे कामगार हात जोडून. नगाचा लाल रंग माझ्या डोळ्यांदेखत काळवंडत गेला. नारळ फुटल्यावर बचुनं तो पाण्यात सोडला.

चार दिवसांनी त्याच नगाचा तुकडा तपासणीच्या हातोड्याखाली ठेवला. खारी बिस्किटासारखा मोडला.

"नापास," मी म्हणाले. "पुन्हा तापवा आणि थेट पाण्यात."

मामा भडकला. "म्हणजे आमची आरती नापास? तुझ्या आईचं कन्यादान केलं मी, आणि तू मला शिकवतेस? दुसरा तुकडा काढ, तो होईल पास. नाहीतर असाच पाठवतो, तू सही कर."

"नाही करणार."

"आजवर आमच्या आरतीनं कुणी मेलेलं नाही!"

"आजवर तुम्ही फाटकाचे कडी-कोयंडे आणि ट्रॅक्टरचे भाग केलेत, मामा! याच्या आत खारं पाणी इतक्या दाबानं असतं की फुटलं तर माणूस कापला जाईल!"

मामी पुढे आली. तिनं मोडक्या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "माझ्यामुळे झालं हे?"

मला खोटं बोलवेना. "हो, मामी."

"त्या पंपापाशी कोण उभं असतं गं?"

"मीच. सकाळपाळी माझी असते."

मामीनं तुकडा खाली ठेवला आणि मामाकडे बघितलं. मामानं नजर चुकवली, टोपी काढली, पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी मामीनं भट्टी उघडायच्या आधीच टाकीपाशी आरती उरकली. मग दार उघडलं, बचुनं नग उचलला आणि सवयीनं जरासा थबकला मात्र, मामा अख्खा कारखाना दणाणेल असा ओरडला, "बहिऱ्या, थांबतोस काय? टाक पाण्यात! माझी भाची उभी असते त्या पंपापाशी!"